जीवनसत्त्वांचा अहेर

धाकटीच्या लग्नातली अहेराची वही आमच्या घरात अजून आहे. लाल पुठ्ठा, वर हळदीकुंकवाचं बोट आणि आत निम्मी पानं कोरी. कोरी राहण्याचं कारण असं, की पत्रिकेवर आम्ही 'कृपया अहेर आणू नये' असं छापलं होतं आणि पुण्यातल्या निमंत्रितांनी अख्ख्या पत्रिकेतली तेवढी एकच ओळ मनापासून पाळली. ती उरलेली पानं नऊ वर्षांनी माझ्या बायपासनं भरून काढली.

ऑपरेशन दसऱ्यानंतरच्या आठवड्यात झालं. छातीचं हाड उभं कापतात, पायातली शीर काढून हृदयावर जोडतात आणि हाड पोलादी तारेनं पुन्हा शिवून टाकतात. मागच्या मोरीतला पाइप काढून स्वयंपाकघरात बसवावा, तसा हा प्रकार. अर्जेंटिनाच्या रेने फावालोरो या सर्जननं १९६७ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलंडला तो रुळवला. आता पुण्यात तो इतका नेहमीचा झालाय, की मी 'बायपास' म्हटल्यावर एकानं 'कुठला, कात्रजचा?' असं विचारलं.

घरी सोडताना हातात कागद दिला. त्यावर गोळ्या सहा. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दोन, कोलेस्टेरॉलची एक, ठोके आवरायला एक, पित्ताची एक आणि मधुमेहाची माझी जुनीच एक. खाली सूचना : दोन किलोच्या वर काही उचलायचं नाही, कुशीवर वळूनच उठायचं, खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची, तीन महिने स्कूटर नाही, रोज थोडं थोडं चालायचं, आणि तीन चेंडूंच्या त्या प्लॅस्टिकच्या यंत्रातून दिवसातून दहा वेळा श्वास आत ओढायचा. जीवनसत्त्वांचा उल्लेख कुठेच नव्हता. डॉक्टरांची ही चूक समाजानं दुसऱ्या दिवसापासून सुधारायला घेतली.

पहिला मान साडूंचा. ते आले, बसले, माझ्या यंत्रातून एका दमात तिन्ही चेंडू वर नेऊन दाखवले (मला एकच जमत होता, तोही अर्ध्यापर्यंत) आणि खिशातून लालभडक कॅप्सूलची पाकिटं काढली.

"रोज एक. जेवणानंतर. आमच्या साहेबांच्या व्याह्यांनी तीन महिने घेतली. आता सिंहगड चढतात."

पुण्यात कुठल्याही औषधाचं अंतिम प्रमाणपत्र सिंहगडावर मिळतं. बाकी तपासणी वगैरे दुय्यम. व्याही आधीही सिंहगड चढत होते का, हे विचारायची पद्धत नाही.

साडू गेल्यावर सौ.नं कपाटातून ती लाल वही काढली. "लिहून ठेवते. उद्या परतफेड करायची तर कुणी काय दिलं ते कळायला हवं." रकाने आधीचेच होते : नाव, नातं, वस्तू, परत. तिनं पाचवा आखला : गुण कुणाला आला. तिथे लिहिलं, 'साहेबांचे व्याही (सिंहगड)'.

'परत' या रकान्यातली पहिली नोंद तिसऱ्या दिवशी झाली. सकाळी माझी लघवी हळदीच्या पाण्यासारखी पिवळीजर्द. सौ. घाबरली, कावीळ म्हणाली, शेजारच्या फार्मसीवाल्याला फोन लावला. तो हसला. साडूंच्या कॅप्सूलमधलं बी-टू होतं ते, म्हणजे रायबोफ्लेविन. शरीराला लागतं तेवढं ते ठेवून घेतं आणि बाकीचं रंगासकट बाहेर पाठवतं. माझ्या शरीरानं साडूंचा अहेर पोचपावती देऊन परत केला होता.

दुसरी आली ती भाची. तिचं येणं म्हणजे सोहळाच. आधी गॉगल निघाला, मग चेहऱ्याभोवतीचा पावणेदोन मीटरचा स्कार्फ उलगडला, मग कोपरापर्यंतचे हातमोजे, मग तो पांढरा सनकोट. चार मिनिटांनी आत भाची आहे याची खात्री पटली. मग तिनं पर्समधून चार पुड्या काढल्या.

"मामा, व्हिटॅमिन डी. साठ हजार युनिट. तुम्ही लोक उन्हात जातच नाही!"

आठवड्याला एक पुडी दुधातून, असं सांगून ती पुन्हा बांधाबांध करून उन्हात निघून गेली. मी चष्मा लावून पुडी वाचली. ६०,०००. आयुष्यभर बँकेत नोकरी केल्यानं पाच आकडी रकमेवर दोन सह्या लागतात अशी सवय, आणि इथे ती दुधात ढवळून प्यायची. सौ.नं मात्र कॅलेंडरवर रविवारभोवती लाल गोल केला. 'आठवड्याला'चं 'रोज' होतं आणि मग कॅल्शियम वाढून माणूस पुन्हा दवाखान्यात जातो, हे तिला फार्मसीवाल्यानं बजावलं होतं. आमच्या घरात तोपर्यंत कॅलेंडरवर लाल गोल फक्त गॅस सिलिंडरसाठी होता.

आत्या चौऱ्याऐंशीची. तिचा गोळ्यांवर विश्वास नाही. तिनं दुधी आणला. "रोज सकाळी रस. अनशेपोटी." पुण्यात बागांच्या बाहेर पहाटे दुधी, कारलं, आवळा, गव्हांकुर अशा हिरव्या रसांच्या बरण्या मांडून लोक बसलेले असतात, त्यांच्यापुढे सकाळी सहा वाजता जी शिस्तबद्ध रांग लागते ती अमृततुल्यापुढेही लागत नाही. पण कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावलेली आहेत, आणि त्यावर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं समिती नेमून 'कडू लागला तर पिऊ नका' असा इशारा दिलेला आहे. मी हे आत्याला सांगितलं.

"कडू म्हणजे औषधी," आत्या म्हणाली.

दुधीची त्या रात्री चणाडाळ घालून भाजी झाली. वहीत नोंद : 'दुधी १. परत : एक वाटी भाजी.'

न्यू जर्सीहून दिवाळीला आलेल्या मित्रानं मोठी बरणी दिली. त्यात अस्वलाच्या आकाराच्या मऊ, गोड वड्या. बरणीवर एका तरुणीचे लांबसडक केस. "घाईत एअरपोर्टवर हीच मिळाली," तो म्हणाला, "पण व्हिटॅमिनच आहे." व्यायामाच्या वर्गातल्या एका सोबत्यानं ई जीवनसत्त्वाच्या हिरव्या कॅप्सूल दिल्या. त्याच वर्गात एक काका होते, त्यांची झडप बदललेली. रक्त पातळ ठेवायला ते असिट्रोम घेत. त्यांनी मला काहीच दिलं नाही. उलट, ज्याच्या घरी पालेभाजी असेल त्याच्याकडे ते संशयानं पाहत. मेथी-पालकात के जीवनसत्त्व भरपूर, आणि ते त्यांच्या गोळीच्या बरोबर उलट काम करतं. हिवाळ्यात बायकोनं आठवडाभर प्रेमानं मेथी केली, की यांची रक्ताची तपासणी बिघडलीच. "डॉक्टर म्हणतात, बंद करू नका, पण रोज तेवढीच खा," ते सांगत. "भाजीवाल्याला हे कसं सांगू? तो जुडीत रोज तेवढ्याच काड्या घालतो का?"

दिवाळी संपली तेव्हा वहीत सत्तावीस नोंदी होत्या. कॉटशेजारच्या स्टुलावर डॉक्टरांच्या सहा गोळ्या आणि अहेराच्या एकोणीस, असा संसार मांडलेला होता. सकाळचा नाष्टा मी गोळ्यांबरोबर करायचो की गोळ्या नाष्ट्याबरोबर, हे सांगता आलं नसतं.

या सगळ्याचं मूळ त्या शब्दात आहे, असं माझं मत आहे. काझिमीर फंक नावाच्या पोलिश शास्त्रज्ञानं १९१२ साली 'व्हिटामाइन' हा शब्द काढला. ती सगळी द्रव्यं 'अमाइन' नसतात असं पुढे दिसलं, तेव्हा इंग्रजांनी शेवटचं 'ई' अक्षर कापलं आणि हिशेब मिटवला. आपण मराठीत काय केलं? 'जीवनसत्त्व' केलं. जीवनही आलं आणि सत्त्वही आलं. असा शब्द ताटात वाढल्यावर 'नको, पोट भरलं' म्हणायला माणूस संतच असावा लागतो. याच गोळीला आपण 'पूरक पूड' म्हटलं असतं, तर माझ्या उशाशी निम्म्या बाटल्या कमी असत्या.

सत्तावीस नोंदींखेरीज वहीत आणखी एक प्रकारची नोंद होती. आमच्या खाली तळमजल्यावर एक गृहस्थ राहतात. उभं आयुष्य टेलिफोन खात्यात गेल्यानं बोलण्याची हौस फिटलेले. मी घरी आल्याच्या चौथ्या दिवशी, संध्याकाळी साडेपाचला ते दारात येऊन उभे राहिले. हात रिकामे. "चला," म्हणाले. पहिल्या दिवशी आम्ही फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यापर्यंत. प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांना नंबर का दिलेत, हे मला बायपासनंतर कळलं : माणसाला आपण किती बरे झालो ते मोजता यावं म्हणून. आज एक गल्ली, परवा दोन. वाटेत ते माझ्या रस्त्याच्या बाजूनं चालत आणि मागून हॉर्न वाजला की हात थोडा बाहेर काढत. बाकी काही नाही. व्याही नाहीत, सिंहगड नाही.

सौ. हिशेबाला पक्की. आलेल्या प्रत्येकाची नोंद झालीच पाहिजे. म्हणून रोज : 'नाव : खालचे. वस्तू : —.' पुढच्या दिवशी पुन्हा 'खालचे, —.' पानंच्या पानं.

दोन महिन्यांनी तपासणीला गेलो. डॉक्टर 'काय काय घेता?' विचारतात म्हणून सौ.नं सगळा अहेर भाजीच्या कापडी पिशवीत भरून नेला होता. टेबलावर तो ओतल्यावर डॉक्टर क्षणभर गप्प झाले.

"हे सगळं कोण घेतं?"

"मीच."

"रोज?"

"आळीपाळीनं. कुणाला वाईट वाटू नये म्हणून."

त्यांनी एकेक उचलायला सुरुवात केली. ई जीवनसत्त्वाच्या हिरव्या कॅप्सूल आधी. "तुमच्या आधी नऊ हजारांवर लोकांनी हे साडेचार वर्षं रोज घेऊन पाहिलंय. २००० साली निकाल आला. हृदयविकारात काही फरक नाही. शिवाय तुमच्या रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या चालू आहेत, त्यात ही भर नको." मग भाचीच्या पुड्या. "तपासणीत कमी निघालं तर हाडांसाठी देतो आम्ही. हृदयासाठी म्हणाल, तर अमेरिकेत २५,८७१ लोकांवर तपासून झालं, झटके काही कमी झाले नाहीत." सी जीवनसत्त्वाच्या चघळायच्या गोळ्या त्यांनी बाजूला सारल्या. "जखम भरायला सी लागतं, खरं आहे. पेरू खा."

न्यू जर्सीच्या अस्वलांपाशी मात्र ते थांबले. चष्मा काढून बरणीचं मागचं बारीक अक्षर वाचलं. "किती खाल्लीत?"

"रोज दोन. गोड लागतात."

"यात बायोटिन आहे, भरपूर. केसांसाठी. हे पोटात असताना छातीत दुखलं आणि आम्ही ट्रोपोनिन तपासलं, तर काही ठिकाणच्या यंत्रात ते खोटंच कमी दिसतं. म्हणजे झटका आलेला असायचा आणि रिपोर्ट म्हणायचा, सगळं ठीक. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ साली तसा इशारा दिलाय." त्यांनी माझ्या टकलाकडे पाहिलं. "फायदाही काही दिसत नाही."

सगळी पिशवी अशी निकाली निघाल्यावर त्यांनी विचारलं, "बी-ट्वेल्व्ह कुणी दिलं नाही?"

आम्ही वही चाळली. सत्तावीस नोंदींत एकाही नातेवाइकानं ते दिलं नव्हतं. रक्त काढलं. निकाल आला : १३२. खाली छापलं होतं, २११च्या पुढे असावं. मॅट्रिकपासून इतके कमी मार्क मला कधी पडले नव्हते.

"नाराज होऊ नका," डॉक्टर म्हणाले, "तुमच्या वर्गातली बहुतेक मुलं नापास आहेत." आणि त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मला पुणेकर म्हणून एक विचित्र अभिमान वाटला. हा शोध आपल्याच रास्ता पेठेतला. फंक यांनी व्हिटामाइन हा शब्द काढला त्याच १९१२ साली सुरू झालेल्या केईएम रुग्णालयातला. तिथल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पथकानं खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले मिळून ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले. २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकूण ६७ टक्के पुरुषांत बी-ट्वेल्व्ह कमी. आणि शहरी मध्यमवर्गात, म्हणजे आपल्यात, ८१ टक्के. ज्याच्याकडे फ्रिज आहे, दूध घरपोच येतं, वर्तमानपत्रातली आरोग्याची पुरवणी जो कात्रीनं कापून ठेवतो, तोच जास्त नापास.

कारण साधं आहे. बी-ट्वेल्व्ह कुठल्याच झाडाला करता येत नाही. ते जिवाणू करतात आणि आपल्यापर्यंत ते मांस, मासे, अंडी, दूध यांतून येतं. आमच्या घरात यातलं फक्त दूध, आणि तेही तीनदा उकळून चहापुरतं. त्यात माझी मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि पित्ताची पॅन्टोप्रॅझोल, या दोन्ही गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या की अन्नातलं उरलंसुरलं बी-ट्वेल्व्ह अंगी लागू देत नाहीत. म्हणजे चोर माझ्याच डबीत, सोमवार ते रविवार, दोन खण व्यापून बसलेले.

"म्हणजे हे घेतल्यावर हृदय सुधारेल?" सौ.नं विचारलं.

"नाही." डॉक्टर प्रामाणिक होते. "बी-ट्वेल्व्ह कमी पडलं की रक्तात होमोसिस्टीन वाढतं, आणि ते वाढलेल्यांना हृदयविकार जास्त दिसतो. म्हणून साडेपाच हजार लोकांना बी जीवनसत्त्वं देऊन पाहिली. होमोसिस्टीन उतरलं, झटके नाही उतरले. हाही निकाल २००६ सालचाच. तुम्हाला देतोय ते रक्तासाठी आणि पायांच्या नसांसाठी. जे कमी आहे तेवढंच भरायचं."

जे कमी आहे तेवढंच भरायचं, हे वाक्य मी मनात घोळवत राहिलो. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या डॉक्टरबाई मुंबईला आल्या. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायकांचं रक्त का कमी होतं, हे त्या शोधत होत्या. यीस्टचा अर्क, तो काळा उग्र मार्माइट, दिल्यावर त्या बायका सुधारल्या; त्यात जे होतं त्याला पुढे फोलिक ॲसिड म्हणू लागले. बाईंनी आधी रक्त पाहिलं, मग चमचा उचलला, मग पुन्हा रक्त पाहिलं. सिंहगडावर कुणालाच पाठवलं नाही.

इंजेक्शन भरताना नर्सच्या हातात पाहिलं तर औषध लालचुटूक, थेट कोकमाच्या आगळासारखं. आत्याला शंका आली. "हे मांसातून काढलेलं नाही ना?" जिवाणू वाढवून करतात, असं मी सांगितलं. तिनं विचार केला. "म्हणजे दह्यासारखं." आणि तिनं लगेच स्वतःचंही रक्त तपासून घेतलं. एकशे दहा. आमच्या घरात आता माझे मार्क सगळ्यात जास्त आहेत.

पिशवीतला अहेर सौ.नं टाकला नाही. मुदत कधी संपते ते पाहून तिनं गोळ्यांचे गठ्ठे लावले. "ओळखीत कुणाचं तरी ऑपरेशन होईलच," ती म्हणाली. अहेरातला चहाचा सेट जसा पुढे सरकतो, तशा या गोळ्या पुण्यात किती घरं फिरून आमच्याकडे आल्या असतील, या विचारानं मला झोप लागेना. डॉक्टरांचं वाक्य मात्र तिनं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी गठ्ठे कचऱ्यात गेले. साडूंची पाकिटं तेवढी राहिली. साडू विचारतात.

परवाची गोष्ट. आता आम्ही कमला नेहरू पार्कला आतून पूर्ण फेरी मारतो. माझा श्वास लांब झालाय. तिन्ही चेंडू वर जातात. बोलता बोलता, म्हणजे मी बोलता बोलता, लक्षात आलं की शेजारी कुणी नाही. मागे वळलो. खालचे बाकाला धरून उभे होते.

"तुम्ही व्हा पुढं," ते म्हणाले. "पायांना मुंग्या येतात. बी-ट्वेल्व्ह कमी निघालं. इंजेक्शनं चालू केलीत."

तीन महिन्यांतलं त्यांचं हे सगळ्यात लांब भाषण. आणि माझ्या जिभेवर सगळं येऊन उभं राहिलं : रास्ता पेठ, एक्क्याऐंशी टक्के, दूध किती वेळा उकळता, पित्ताची गोळी घेता का, दह्यासारखंच असतं ते. तोंड उघडलंही होतं. मिटलं.

"चला," मी म्हटलं, आणि रस्त्याच्या बाजूला जाऊन पाऊल आखडतं घेतलं.

रात्री सौ.नं वही उघडली. 'नाव : खालचे. वस्तू : —.' मग पेन 'परत' या रकान्यावर थांबलं. "त्यांच्या इतक्या नोंदी झाल्या," ती म्हणाली, "आपल्याकडून अजून काहीच गेलं नाही. काय लिहू?"

मी वही ओढून घेतली आणि तिथे एक आडवी रेघ मारली.